लग्नाविना केळवण

केळवण लग्न ठरलेल्या माणसाचं करतात, हे साऱ्या सांगलीला ठाऊक होतं. चंद्राबाईंनाही ठाऊक असणारच, पण त्यांनी ते कानाआड केलं. नातू पंधरा दिवसांनी पुण्यात बिशपसाहेबांसमोर उभा राहून जन्मभर लग्न न करण्याचा शब्द देणार, आणि या बाईंनी साताऱ्याला फोन लावून लेकीला फर्मावलं, "शनिवारी पोराला घिऊन या. केळवण करायचं हाय."

"आई, केळवण कसलं? लगीन कुठं ठरलंय त्याचं?"

"तू ये तर," म्हणून चंद्राबाईंनी फोन ठेवून दिला.

कितीतरी दिवसांनी मंगलच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरला. तिनं मनाशी हिशेब जुळवला. आपली आई म्हणजे प्रोटेस्टंट पाळकाची विधवा. वडिलांच्या, आण्णांच्या, जोडीनं तिनं चाळीस वर्षं चर्चची मंडळी सांभाळली. बायकांची बाळंतपणं केली, भांडणं मिटवली, संडे स्कूलची पोरं शेंबूड पुसून गायला शिकवली. देवाचं काम करणाऱ्याला बायको नको, असं म्हणणाऱ्याला ती उभं तरी करील का? आईनं डाव टाकलाय, केळवण हे नुसतं निमित्त आहे, अशी मंगलची खात्रीच पटली.

मंगल स्वतः लग्न करून कॅथलिकांच्या घरी साताऱ्याला आली होती. त्या लग्नापायी कोण कुणाशी किती वर्षं बोललं नव्हतं, ते आता उगाळण्यात अर्थ नाही. नवरा बाळासो बावीस वर्षं फौजेत राहून सुभेदार होऊन परतला. पोटी एकच लेक, ऋषिराज. तो फादर व्हायला सेमिनरीत गेला तेव्हा तिला वाटलं होतं, दोन वर्षांत कंटाळून येईल. आठ वर्षं झाली, आला नाही. आता डीकनची दीक्षा. फादर व्हायच्या आधीची ही पायरी, आणि लग्न न करण्याचा शब्द याच पायरीवर द्यायचा असतो.

साताऱ्याच्या चर्चमध्ये दोन रविवार त्याचं नाव वाचून झालं होतं. नाव वाचल्यावर फादर सांगत, "याच्या दीक्षेत अडथळा ठरेल असं काही कुणाला ठाऊक असेल, तर त्यानं येऊन कळवावं." तिसरं वाचन उद्या होतं. आणि मंगलच्या पर्समध्ये एक पत्र होतं. मिरजेच्या प्रियदर्शनी नावाच्या नर्सशी माझ्या मुलाचं मन जुळलं होतं, तो मला एकुलता एक आहे, त्याचं मन अजून पक्कं नाही, तरी दीक्षा पुढे ढकलावी, असं तिनं त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. आज आईला जमलं तर ठीक. नाहीतर उद्या मिस्सा, रविवारची उपासना, संपली की हे पत्र फादरांच्या हातात.

एसटीत कराडपर्यंत तिनं ती पर्स मांडीवरून हलू दिली नाही. पलीकडच्या बाकावर ऋषिराज एका अनोळखी म्हाताऱ्याच्या गुडघेदुखीची कहाणी इतक्या मन लावून ऐकत होता, की म्हातारा उतरताना त्याच्या डोक्यावर हात ठेवून गेला. बाळासोंनी मंगलला कोपरानं ढोसलं. मंगलनं बघितलं न बघितल्यासारखं केलं.

विश्रामबागेत मंगलच्या धाकट्या भावाचा, जयराजचा, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट होता. जयराजही वडिलांसारखाच पाळक. दार उघडताच पुरणाचा वास आला, आणि हॉलमध्ये पाऊल टाकताच मंगल जागीच थांबली. जमिनीवर रांगोळी घालून शेजारी शेजारी दोन पाट मांडले होते. दोन्हींपुढं ताटं, दोन्ही ताटांभोवती झेंडूच्या पाकळ्या. एक पाट ऋषीचा. दुसरा कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती.

"वन्सं, माझ्याकडं बघू नका," जयराजची बायको अंकिता पदराला हात पुसत म्हणाली. "आईंनी सांगितलं दोन मांड, मी मांडले."

जयराज हळूच मंगलच्या कानाशी आला. "आक्का, निर्धास्त राहा. ती मोकळी जागा बघितलीस का? आई आज त्याला सोडत नाही."

मंगलच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आई लय हुशार बाई, तोंडानं एक शब्द न बोलता पोराला त्याच्या नसलेल्या बायकोशेजारी जेवायला बसवणार. तिनं स्वयंपाकघरात डोकावलं. चंद्राबाई पंचाहत्तरीतही ओट्यापाशी उभ्या राहून पोळ्या लाटत होत्या आणि ऋषी तव्यावरची पोळी उलथत होता.

"आज्जी, फाटली."

"फाटू दे. फाटकी तुझ्या मामाला. त्येला कळत न्हाई."

बाकीची ताटं लागली, पण चंद्राबाईंच्या पोळ्या संपेनात. तेवढ्यात जयराजनं मैदान धरलं. तो खुर्ची ओढून ऋषीसमोर बसला.

"ऋषी, एक विचारतो. राग मानू नको."

"विचारा की मामा."

"बायबलातल्या पेत्राला सासू होती का नव्हती?"

"होती. तापानं पडली होती."

"सासू होती म्हणजे बायको होती. ज्याला तुम्ही पहिला पोप म्हणता त्याला बायको चालली, तर तुला का चालत नाही?"

ऋषी हसला. "मामा, सेमिनरीत पहिल्याच वर्षी हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारून झालेला असतो."

"मग उत्तर काय मिळालं?"

"तुम्ही बरोबर आहात, हेच. हा देवाचा हुकूम नाही, चर्चचा नियम आहे. पहिल्या हजार वर्षांत लग्न झालेले फादर पुष्कळ होते. आजही पूर्वेकडच्या रीतीच्या काही कॅथलिकांत लग्न झालेल्या माणसाला दीक्षा मिळते. रोममध्येही यावर बोलणं चालूच असतं. माझ्या वर्गातले निम्मे म्हणतात, ज्याला हवं त्याला मोकळीक द्या. मीही त्यांच्यातलाच."

मंगल ताडकन पुढं झाली. "मग थांब की! नियम बदलूस्तवर थांब. एवढी घाई कशाला?"

"आई, आधी लग्न आणि मग दीक्षा, असंच सगळीकडं आहे. दीक्षेनंतर लग्न त्या पूर्वेकडच्यांतही नाही."

"म्हणून तर म्हणते, थांब."

ऋषीनं तिच्याकडं बघितलं. लहानपणी चप्पल तुटली की बघायचा तसंच. "मी थांबलो तर नियमासाठी थांबल्यासारखं होईल. आणि मी शब्द देतोय तो नियमासाठी देत नाही गं. उद्या नियम उठला तरी मला हे काम असंच करायचंय. मोकळ्या हातांनी."

"म्हणजे आम्ही बांधलेल्या हातांनी करतो व्हय?" जयराज आता खरोखरच दुखावला. प्रोटेस्टंट पाळकांच्या सभेत तो या विषयावर तासभर बोलत असे, पण घरातल्या पोराकडून असं ऐकायची त्याला सवय नव्हती.

"बांधलेलेच आहेत की," आमटीचं पातेलं आणत अंकिता म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण अंकिता नवऱ्याविरुद्ध पाव्हण्यांसमोर बोलेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. "मंडळी पाळक एक नेमते आणि राबायला दोघं मिळतात. मला आवडतं ते, तक्रार नाही माझी. पण शनिवारी ह्यांचं प्रवचन लिहून व्हायच्या वेळेला धाकटीचा प्रोजेक्ट, माझं डोकं आणि कुकरची शिट्टी, सगळं एकदमच येतं. तो म्हणतोय त्यात खोटं काय आहे?"

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" जयराजनं विचारलं.

"आमटीच्या. गार व्हायच्या आत बसा."

बाळासो मोठ्यानं हसले. मग त्यांना वाटलं, आपणही काही बोलावं. "फौजेत मीबी बावीस वर्षं एकटाच काढली की. काय बिघडलं?"

"एकटे?" मंगल त्यांच्यावर उसळली. "तुमच्या पत्रांना उत्तरं कोण लिहीत हुतं? सुट्टीची वाट कोण बघत हुतं? आवं, एकटी मी हुते. मला ठाऊक हाय एकटं ऱ्हाणं काय असतं. म्हणून सांगते, माझ्या पोराला ते नगं."

बाळासोंचं हसू मावळलं. मंगलला वाईट वाटलं, पण आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "आणि ती प्रियदर्शनी?" ती ऋषीला म्हणाली. "मिरजेला वर्षभर कामाला हुतास, तवाची. मी फोटो बघितलाय. ती काय खोटी हुती?"

ऋषीचे कान लाल झाले, पण त्यानं मान खाली घातली नाही.

"खरी होती. मला आवडायची. खूप आवडायची. सेमिनरीतल्या मोठ्या फादरांना मी स्वतः जाऊन सांगितलं होतं. ते म्हणाले, तीन महिने बाहेर राहा, नीट विचार कर, लग्न केलंस तर लग्न लावायला मी येईन. मी राहिलो. तिलाही सांगितलं. आम्ही दोघंही रडलो, आई. सोडण्यासारखं काही नसतं, तर माझ्या शब्दाला किंमत काय राहिली असती?"

पर्समधल्या पत्रातली निम्मी हवा तिथंच गेली. पण निम्मी अजून होती. तो एकुलता एक होता, आणि ती आई होती.

"पण मोकळे हात म्हणजे काय, ते सांग की," जयराज हट्टानं म्हणाला. "आमच्या हातून न होणारं असं काय करणार तू?"

बोलावं की न बोलावं, असं ऋषीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "कोरोनात मी दहिवडीला फादर रेमंडकडं होतो. सख्खी माणसंही मयताजवळ जात नव्हती. फादर जायचे. सत्तरीचा माणूस, ते किट घालून, भर उन्हात. एका दिवशी चार जणांना माती दिली आम्ही. मी विचारलं, फादर, भीती नाही वाटत? म्हणाले, 'वाटते रे. पण हा आजार घरी नेऊन मी कुणाला देणार? खोलीत मी आणि मांजर.'" ऋषीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "फादर अजून आहेत. मांजर गेलं मागच्या वर्षी. मामा, मला असं व्हायचंय. बाकी मला वाद घालता येत नाही."

त्या म्हाताऱ्या फादरांना मंगलनं एकदाच पाहिलं होतं, कॉलर उसवलेल्या सदऱ्यात. तेव्हा तिला त्यांची कीव आली होती. आज पहिल्यांदा त्या माणसापुढं मनातल्या मनात हात जोडावेसे वाटले, आणि त्याचा तिला रागही आला.

जयराजचा चेहरा मात्र एकदम उतरला.

"मी नव्हतो गेलो," तो म्हणाला. "मंडळीतली नऊ माणसं गेली आमची. मी फोनवरनं प्रार्थना केल्या. धाकटी दीड वर्षाची होती. अंकितानं दारात उभं राहून नुसतं बघितलं माझ्याकडं, आणि मी चप्पल काढून ठेवली. आण्णा असते तर गेले असते."

"मामा, मी तुम्हाला लावून नाही बोललो."

"मला ठाऊक आहे रे. पण लागायचं ते लागलंच. आण्णा गेले असते."

"कोण गेलं असतं?"

चंद्राबाई दारात उभ्या होत्या. हातात पोळ्यांची चळत. ती त्यांनी अंकिताकडं दिली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश खाली बसल्या आणि दुसऱ्या, मोकळ्या पाटापुढची एक पाकळी सारखी केली. मंगलला वाटलं, आता आई बोलणार.

"जयराज, आण्णा दर ऐतवारी येक ताट जादा मांडाय लावायचे. कुणाचं हुतं रं ते?"

"पाव्हण्याचं," जयराज गोंधळून म्हणाला. "अवचित कुणी आलं तर असावं म्हणून."

मंगललाही ते आठवलं. लहानपणी दर रविवारी ते ताट असायचं. वाढलेलं, झाकलेलं. जेवणं झाली की आण्णा ते उचलून कुणातरी भुकेल्याला नेऊन देत. आण्णा गेले आणि ते ताट मांडणंही बंद झालं.

"पाव्हण्याचं न्हवं. नाथाजीचं," चंद्राबाई म्हणाल्या. "आन् आजचंबी त्येचंच हाय. तुमी काय समजलात? नातसुनेचं?"

अंकिता पोळ्या धरून तशीच उभी राहिली.

"भात्तरचा दुष्काळ. आमी माण तालुक्यात हुतो. नाथाजी आपल्या मंडळीतला, दुष्काळी कामावर खडी फोडायचा. फोडता फोडता पडला तो पडलाच. सांगावा आला, नाथाजी जातोय, पाळकसायबांनी यावं, प्रार्थना करावी. आठ मैल लांब. तुमचे आण्णा सायकलीवर निघाले. ते गेले आन् हिकडं ह्या मंगलला तापात आकडी आली."

"मला?" मंगल म्हणाली.

"तुला. दीड वर्साची हुतीस. डोळं पांढरं केलंस. मी शेजारच्या बाळूला पळवला. त्येनं त्यास्नी ओढ्यापाशी गाठलं. पार निम्म्या वाटंवर. हिकडं चार मैल, तिकडं चार मैल." चंद्राबाईंनी बोटानं दोन्हीकडं दाखवलं. "त्यांनी सायकल वळवली. तुला कॅरेजवर बांधून दहिवडीच्या डाक्टराकडं न्हेली. तू जगलीस. नाथाजी सांजच्याला गेला. शेवटपत्तोर दाराकडं बघत हुता म्हणं. पाळकसायब आले का, पाळकसायब आले का."

मंगल चोपन्न वर्षांची बाई, पण कॅरेजवर बांधलेली ती पोर होऊन तिनं आईकडं पाहिलं. "आण्णा मला कधी बोलले न्हाईत."

"कशाला बोलतील? तू म्हणली असतीस, माझ्यापायी झालं."

"ते चुकले व्हय गं आई?"

"न्हाई. बाप हुते. बापानं तेच कराय पायजे. मला म्हणायचे, चंद्रा, पुन्यांदा तशी येळ आली तर पुन्यांदा वळवीन. आन् दर ऐतवारी नाथाजीचं ताट मांडायचे. दोनीबी खरं हुतं, बाई. त्येच्यातलं येकबी खोटं न्हवतं." त्यांनी जयराजच्या गुडघ्यावर थाप मारली. "तूबी सायकल वळवलीस. चुकला न्हाईस. रडू नगंस, पुरण खारट हुईल."

जयराज रडतच होता. अंकिता त्याच्याजवळ जाऊन बसली.

चंद्राबाई मग ऋषीकडं वळल्या. "मी लगीन केलेल्या पाळकाची बायको हाय. त्यात मला लय सुख लाभलं, खोटं बोलणार न्हाई. लगीन केलेला माणूसबी देवाचं काम करतो, लय झ्याक करतो. तुमच्या बिशपसायबांना माझा निरोप सांग, तसल्यांनाबी घ्या म्हणावं. पर नाथाजीकडं सरळ जाणारंबी कोणतरी पायजे. तसला येक आपल्याच घरात निपजला. लगीन करणाऱ्याचं केळवण सगळी दुनिया करती. मला ह्येचं करावंसं वाटलं."

ऋषीनं वाकून आजीच्या पायांवर डोकं ठेवलं. चंद्राबाईंनी त्याच्या कपाळाला हळदीचं बोट लावलं, सांगलीच्याच हळदीचं, आणि अंकितानं आहेराचा पांढरा शर्ट पुढं केला. मंगलनं सवयीनं पर्स उघडली आणि तिच्या ध्यानात आलं, आपण लेकासाठी आहेर म्हणून काहीच आणलेलं नाही. आत नुसतं पत्र होतं.

शेजारून बाळासोंचा हात पुढं आला. "दे हिकडं," ते हळूच म्हणाले.

"तुमाला ठाऊक हुतं?"

"पेन माझाच घेतला हुतास. लिहिताना रडत हुतीस, म्हणून काय बोललो न्हाई." त्यांनी पत्र घडी करून खिशात घातलं. "एकटं ऱ्हाणं म्हणजे काय, ते तू काढलंस. मी न्हाई. मगाशी चुकून बोललो."

मंगलनं डोळे पुसले नाहीत. ती उठली, पुरणपोळीची चळत घेतली आणि आधी दुसऱ्या ताटात एक पोळी वाढली. तिच्यावर तूप सोडलं, हात जरा सैलच सोडला. मग ती ऋषीसमोर बसली आणि त्याच्या ताटात वाढू लागली. आपलं पोर किती मोठं झालंय, हे तिला खालून वर बघताना कळलं, आणि त्याचा अभिमानही वाटला.

"आई," ऋषी म्हणाला, "तू अजून हो म्हणाली नाहीस. जाऊ ना मी?"

"जा," मंगल म्हणाली. तिनं त्याच्या पोळीवर तूप सोडलं. "पर येकदा निघालास, की ओढ्यापाशी सायकल वळवू नगंस. मागनं कुणीबी सांगावा धाडू दे." तिनं तुपाची वाटी खाली ठेवली. "माझा आला तरी."